दार कुणी उघडं ठेवलं असेल

चष्मेवालीला स्वतःला चष्मा नव्हता. पन्नाशी उलटली तरी ती सुईत दोरा एका दमात ओवायची. गल्लीनं तिला हे नाव दिलं ते ती चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून काचा घासायची म्हणून. काच फ्रेमपेक्षा केसभर मोठी राहिली तर बसत नाही, केसभर लहान झाली तर टिकत नाही. या केसभराच्या भानगडीतच तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं, आणि तिला त्याचं काही वाईट वाटत नव्हतं.

इंग्रजीशी तिचं वाकडं नव्हतं, पण सख्यही नव्हतं. गडबड झाली ती दुकान एका मोठ्या कंपनीनं घेतल्यावर. मुख्य कचेरीला रोज इंग्रजीत निरोप टाइप करून पाठवायचे, असा हुकूम निघाला. एका तापट गिऱ्हाइकाची तक्रार महत्प्रयासानं मिटल्यावर तिनं कळवलं की गिऱ्हाईक आता शांत आहे. निदान तिला तसं कळवायचं होतं. पण इंग्रजीत ‘शांत’साठीचा क्वायट आणि ‘अगदी’साठीचा क्वाइट या दोन शब्दांची शेवटची दोन अक्षरं फक्त उलटसुलट असतात, आणि तिनं नेमका दुसरा शब्द लिहिला. वरून उत्तर आलं, ‘गिऱ्हाईक अगदी काय?’ दुकानात पुढे कितीतरी दिवस कुणी काही विचारलं की दुसरा म्हणायचा, अगदी. मॅनेजर भला माणूस होता. हसून झाल्यावर त्यानं तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं की मावशी, संध्याकाळचा क्लास लावा, परीक्षा पास झालात तर मागची खोली तुमच्याच हाताखाली देतो.

क्लास रंगाच्या दुकानाच्या माडीवर भरायचा. शिकवणारे सर एकेकाळी पर्यटकांना गावं दाखवत हिंडायचे. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यावर ते खडू हातात घेऊन बसले. खोलीत पाय ठेवला की इंग्रजीच बोलायचं, हा त्यांचा एक नियम. दुसरा नियम जोड्यांचा. पहिल्या दिवशी जो शेजारी बसेल त्याच्याबरोबरच शेवटपर्यंत सराव करायचा.

चष्मेवालीला पहिल्या दिवशी दुकानातून निघायला उशीर झाला. माडीवर पोचेपर्यंत सगळे बाक भरले होते, एकाच बाकावर अर्धी जागा रिकामी होती. ती धापा टाकत जाऊन बसली, पदरानं घाम टिपला आणि शेजारी पाहिलं. शेजारी तिची सख्खी मोठी बहीण बसली होती.

दोघींमध्ये दहा-अकरा वर्षांचा अबोला होता. तोही साधासुधा नव्हे. एखाद्या लग्नाला एक येणार असं कळलं की दुसरीचं डोकं दुखायचं. ताई शहराच्या दुसऱ्या टोकाला एका शुश्रूषागृहात आजाऱ्यांची उठबस करायची. तिची मुलगी परदेशात नांदत होती, तिला दिवस गेले होते, आणि बाळंतपणाला जायचं तर विमानतळापासून जावयाच्या आईपर्यंत सगळ्यांशी इंग्रजीतच बोलणं भाग होतं. तिच्या भागातले क्लास तिच्या कामाच्या पाळीच्या वेळेला भरायचे, म्हणून ती एवढ्या लांब आली होती.

चष्मेवालीच्या मनात आलं, उठावं आणि सरळ घर गाठावं. पण सर फळ्यावर लिहायला लागले होते, आणि वर्गाच्या मधून उठून जाणं तिच्या स्वभावात नव्हतं. ताईही उठली नाही. ती फक्त पिशवी आपल्याकडे ओढून थोडी सरकली.

अबोला सुरू झाला तो आईपायी. शेवटची वर्षं आई धाकटीकडे होती. तिची आठवण विरत चालली होती. ती भरदुपारी उठून लहानपणीच्या घरी जायला निघायची, म्हणून दाराची वरची कडी कायम लावलेली असायची. एका दुपारी ताई भेटायला येऊन गेली, आणि तासाभरानं धाकटीच्या लक्षात आलं की दार सताड उघडं आहे आणि आईचा पलंग रिकामा. आई कालव्याच्या पायऱ्यांखाली सापडली. पुढे इस्पितळात ती फार दिवस काढू शकली नाही. तिथल्या व्हरांड्यात मामांनी विचारलं की दार उघडं राहिलंच कसं. ताई म्हणाली, “धाकटीनंच उघडं ठेवलं असेल.”

एवढंच. चष्मेवाली खांबाआड उभी होती, तिनं ऐकलं. मामांनी ते वाक्य नातेवाइकांत घरोघर पोचतं केलं. जाताजाता त्यातलं ‘असेल’ कुठेतरी गळून पडलं. मग ती ताईच्या घरी गेली नाही आणि ताईही आली नाही.

पहिले काही आठवडे सराव यांत्रिकच चालला. पाऊस पडला तर मी छत्री घेईन. तू अभ्यास केलास तर पास होशील. जर-तरची वाक्यं दोघी एकमेकींकडे न बघता, फळ्याकडे तोंड करून म्हणायच्या. पुस्तकातली वाक्यं परकी होती म्हणून तर ती म्हणता येत होती. इंग्रजीत ‘ताई’ म्हणायची सोयही नव्हती. कुणालाही ‘यू’ म्हटलं की झालं. त्या ‘यू’चा चष्मेवालीला मोठा आधार वाटायचा. समोर बहीण बसलेली नाही, नुसती यू बसलेली आहे.

तरी रक्ताचं नातं अधूनमधून डोकं वर काढायचंच. उसनं देणं आणि उसनं घेणं यांना इंग्रजीत वेगवेगळे शब्द आहेत हे ताईच्या डोक्यात काही केल्या शिरेना. एकदा तिनं पेन मागताना चष्मेवालीलाच पेन उसनं देऊन टाकलं. चष्मेवालीनं ओठ दाबून हसू आवरलं, पण खांदे हलले. ते ताईला दिसलं. तीही हसली, आणि मग दोघींनाही आठवलं की आपलं बोलणं नाही.

नवरा विचारायचा, क्लासात कोण कोण येतं. ती सांगायची, एक नर्सबाई आहे माझ्या जोडीला, उच्चार जरा कच्चे आहेत. बहीण आहे हे तिनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं पुढचं विचारलं असतं, आणि पुढचं तिलाच ठाऊक नव्हतं.

मग झालेल्या गोष्टींचा धडा आला. सरांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले, मस्ट आणि माइट. जे घडताना आपण पाहिलं नाही त्याबद्दल बोलायच्या या दोन तऱ्हा, असं ते सांगत होते. रस्ता ओला आहे, म्हणजे पाऊस पडून गेलाच असणार, तिथे मस्ट. कुणी पाणीही सांडलं असेल, कोण जाणे, तिथे माइट. सरांनी त्या दिवशी नियम मोडून थोडं मराठीत समजावलं. म्हणाले, आपल्याकडे ‘असणार’ आहे, ‘असेलही’ आहे, पण बोलताना आपण सगळं एकाच ‘असेल’वर भागवतो. आवाज जिकडे कलेल तिकडे अर्थ कलतो. इंग्रजीत मात्र आधीच ठरवावं लागतं, तुमची खात्री आहे की नुसती शंका.

चष्मेवालीनं हे लिहून घ्यायला पेन उचललं ते तसंच हातात राहिलं. व्हरांडा, खांब आणि ताईची पाठ तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. ताईचा तेव्हाचा आवाज कुठल्या बाजूला कलला होता हे आठवायचा तिनं प्रयत्न केला. इतकी वर्षं ते वाक्य उगाळून उगाळून त्यातला मूळचा आवाज कधीच झिजून गेला होता.

सर म्हणाले, आता जोडीदाराला एक प्रश्न विचारा. वर्गात कुजबुज सुरू झाली. चष्मेवाली वळली आणि या क्लासात पहिल्यांदाच तिनं ताईच्या तोंडाकडे नीट पाहिलं. शब्द जुळवायला तिला वेळ लागला.

“त्या दिवशी इस्पितळात,” ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली, “यू सेड मस्ट, ऑर यू सेड माइट?”

ताईला कळायला क्षणही लागला नाही. तिनं बाकाच्या कडेवरून एकदा बोट फिरवलं.

“मस्ट,” ती म्हणाली. “आय सेड मस्ट.”

चष्मेवालीनं मान हलवली. तिला राग येईल असं वाटलं होतं, पण आला नाही. काचेत चीर आहे हे हाताला आधीच कळलेलं असतं आणि उजेडात धरल्यावर दिसतं, तसं काहीसं झालं. पण ताईचं संपलं नव्हतं. ती एकेक शब्द चाचपत, अडखळत बोलत होती. त्या दुपारी ती एकदा निघाली होती, पण जिन्याखालून परत वर आली होती. छत्री राहिली होती. धाकटी न्हाणीघरात होती म्हणून निघताना तिनं दार नुसतंच ओढून घेतलं होतं, आत अजून पाण्याचा आवाज येत होता. दारामागे हात घालून तिनं छत्री घेतली आणि निघून गेली. जाताना दार पुन्हा ओढलं का, ते तिला आठवत नव्हतं. तेव्हाही आठवत नव्हतं. “आय माइट हॅव फॉरगॉट,” ती म्हणाली.

सर तेवढ्यात त्यांच्या बाकापाशी पोचले होते. “फॉरगॉटन,” त्यांनी हळूच दुरुस्त केलं. “बाकी वाक्य उत्तम, अगदी घरातलं वाटतं.” आणि ते पुढच्या बाकाकडे वळले.

 ताई परत आली होती हे चष्मेवालीला आज कळत होतं. पण तिचीही एक गोष्ट होती, आणि तीही तिनं कुणाला सांगितलेली नव्हती. न्हाणीघरातून बाहेर आल्यावर ती जिन्यातल्या दोरीवरचे कपडे काढायला गेली होती. जाताना दार उघडं होतं की लोटलेलं, आई पलंगावर होती की नाही, याकडे तिचं लक्ष गेलं नव्हतं. दोन्ही हात भरलेले होते, दार तिनं खांद्यानं लोटलं होतं. कडी लावली की नाही, हे ती स्वतःला इतक्यांदा विचारून चुकली होती की आता प्रश्नच तेवढा उरला होता.

“मी टू,” ती म्हणाली. “आय माइट हॅव.” कपड्यांचं तिनं इंग्रजीत सांगितलं खरं, पण दोरीला काय म्हणतात ते तिला येत नव्हतं. ताईलाही येत नव्हतं. शेवटी हातानंच करून दाखवलं.

क्लास सुटल्यावर दोघी जिना उतरल्या. खाली रंगाच्या दुकानात कुणीतरी डबे हलवत होतं, टर्पेंटाइनचा वास येत होता. नियम वरच राहिला होता, आता मराठीत बोलायला हरकत नव्हती, आणि नेमकं तेच जड जात होतं. ताईनं विचारलं, “बस कुठून घेतेस?” चष्मेवालीनं सांगितलं. ताईची बस उलट दिशेची होती, तरी ती तिच्या थांब्यापर्यंत आली.

पुढच्या आठवड्यात ताई एकटीच मामांकडे गेली. मामा आता थकले होते, त्यांना ऐकूही कमी यायचं. तिनं त्यांना छत्रीची गोष्ट दोनदा, मोठ्यानं सांगितली. मामा म्हणाले, “आता कशाला उकरतेस? धाकटीकडूनच झालं होतं ना ते?” ताई म्हणाली, नाही, कुणाकडून झालं ते कुणालाच माहीत नाही, आणि तुम्ही सगळ्यांना एक सांगितलंत तसंच आता हेही सांगा. मामींनी नंतर फोन करून चष्मेवालीला हे कळवलं. सगळ्या नातेवाइकांपर्यंत हे दुसरं वाक्य काही पोचलं नाही, अशी वाक्यं सावकाश चालतात. पण मामांच्या घरात तरी पोचलं. चष्मेवालीनं फोन ठेवला, ओट्यापाशी गेली आणि नळ सोडून थोडा वेळ नुसतीच उभी राहिली. नवऱ्यानं काय झालं विचारलं, तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं. पेनचंसुद्धा.

परीक्षेत चष्मेवाली पास झाली आणि मागची खोली तिच्या हाताखाली आली. फार चांगले गुण नव्हते, पण जर-तरचा एकही प्रश्न चुकला नाही. ताई परीक्षेला बसलीच नाही. मुलीचे दिवस भरत आले होते. जाण्याआधी ती एका दुपारी दुकानात आली. जवळचं दिसत नव्हतं, विमानात अर्ज भरावे लागतात म्हणे, चष्मा हवा होता. काउंटरवरच्या पोरीनं नंबर काढून दिला, पण डोळ्यांमधल्या अंतराचं माप चष्मेवालीनं स्वतः घ्यायचं ठरवलं.

तिनं ताईला खुर्चीत बसवलं, पट्टी तिच्या नाकावर टेकवली आणि वाकली. दोघींचे चेहरे वितीभर अंतरावर आले.

“हलू नकोस. माझ्या कपाळाकडे बघ.”

ताई बघत राहिली. तिचे डोळे पाणावले. चष्मेवालीनं पट्टी तशीच धरून ठेवली, तिला आकडा नीट दिसेपर्यंत. मग तिनं तो कागदावर लिहिला आणि फ्रेम कुठल्या रंगाची हवी ते विचारलं. ताईनं तपकिरी सांगितला. चष्मेवाली म्हणाली, तपकिरीत तू म्हातारी दिसशील, निळी घे. यावर दोघींची चांगली जुंपली. मॅनेजर पडद्याआडून डोकावून गेला. शेवटी ताई तपकिरीच घेऊन गेली, आणि चष्मेवाली मागच्या खोलीत जाऊन काचा घासायला बसली.