हजार वर्षांच्या वेलीला कोकणी हात

त्या एका दगडी वेलीची खरी किंमत सांगतो: एक वाया गेलेला दगड, गणपतीला गावी जायची रजा आणि दत्ताराम मेस्त्रींचा उजवा खांदा. यातलं काही बिलात लिहिता आलं नाही.

मेस्त्रींची माझी ओळख कुवेतमधल्या शुवैखच्या दगडाच्या कारखान्यातली. रायगडातून येऊन मी तिथे भुकटी झाडत होतो. राहायला जागा नव्हती, तर मेस्त्रींनी जलीबच्या आपल्या खोलीत मला अंथरूण दिलं. छिन्नी धरायला शिकवण्याआधी त्यांनी मला ऐकायला शिकवलं. हातोडीने दगड वाजवायचा; खणखणीत वाजला तर अखंड, बद्द वाजला तर आत चीर. त्याच कानांच्या जोरावर पुढे मी तो कारखाना घेतला. गिऱ्हाइकंही तशीच वाजवून घेतो.

थॉमससाहेब आमचे जुने गिऱ्हाईक, इंग्रज इंजिनिअर. त्यांच्या गावच्या चर्चमध्ये अँग्लो-सॅक्सन काळातला, हजार वर्षांपूर्वीचा कोरीव दगड आहे: द्राक्षवेल, पानं, घोस. येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातांनी तो झिजत चालला, म्हणून हुबेहूब दुसरा हवा होता. साहेबांनी मूळ दगडाचा प्लॅस्टरचा ठसा आणून दिला. मी छाती ठोकून म्हणालो, "शेजारीशेजारी ठेवा साहेब, कुठला कोणाचा ते तुमच्या पाद्रीबाबांनाही कळणार नाही."

मेस्त्रींनी वेल कोरली ती बघत राहावी अशी. साहेब म्हणाले, फार सुंदर. पण साहेबांचा आवाज बद्द आला. मी मेस्त्रींना तसं सांगितलं. त्यांनी ठसा पुन्हा मांडीवर घेऊन बोटं फिरवली. मूळ वेलीत एक पान उलटं वळलेलं, एक घोस लहान. आमच्याकडे देवळाच्या चौकटीवरची वेल दोन्ही अंगांनी सारखी लागते. त्या सवयीने मेस्त्रींनी सगळं सरळ करून टाकलं होतं.

"अरे इस्माईल," ते म्हणाले, "हजार वर्षांमागच्या मेस्त्रीला मी शिकवायला निघालो होतो."

साहेबांनी तो दगड नेला असता. मी तसं म्हणालोही. मेस्त्रींनी यंदा गणपतीला येत नाही म्हणून गावी फोन केला आणि नवा दगड वाजवायला घेतला. खांदा आखडला, तरी ते पान त्यांनी जसंच्या तसं उलटं वळवलं. साहेब आले, पानावर अंगठा ठेवून उभे राहिले. "हे आमचं पान," म्हणाले. आवाज खणखणीत होता. त्या दिवशी शर्कच्या बाजारातून मासळी आणून मी अख्खा कारखाना जेवू घातला.

आज मेस्त्रींना साठ पूर्ण होत आहेत. त्यांचा खांदा मोकळा राहो, छिन्नी अशीच चालत राहो आणि पुढच्या प्रत्येक गणपतीला ते गावच्या घरी असोत, एवढंच अल्लाहकडे मागणं. रजेचं माझ्याकडे लागलं.

तो दगड आता चर्चमध्ये मूळ दगडाच्या शेजारीच बसवला आहे. खाली पाटी आहे: 'ही नक्कल आहे. कृपया हात लावा.'