आमच्या टॅबला लागलेली दृष्ट

आधी चहा घ्या, मग सांगते. आणि कप जरा सांभाळून धरा, सोफ्याचं कव्हर कालच धुतलंय. हसताय कशाला? कव्हरावरूनच तर हे सगळं रामायण घडलं. माझी अशी काही फजिती झालीय की डब्लिनमधली माणसं मला नावानिशी ओळखतात, आणि मी अजून विमानात पाय ठेवलेला नाही.

तर आमच्या घरात उघडं असं काही नसतं. मिक्सरला टोपडं आहे. फ्रिजच्या हँडलला झबलं आहे. रिमोट आणल्या दिवसापासून प्लास्टिकच्या पिशवीत राहतो, आणि त्याची बटणं दिसेनाशी झाली तेव्हा मी पिशवी बदलली, सवय नाही बदलली. आमचे हे, म्हणजे सुधीर, म्हणतात, "एक दिवस मलाही कव्हर शिवशील." मी म्हणते, मापं घेऊन ठेवलीत.

अशा घरात टॅब आला. धाडला माझ्या धाकट्या भावाने, मंदारने. तो आणि त्याची बायको केतकी डब्लिनला असतात. बऱ्याच वर्षांनी त्यांना मुलगी झाली आणि मी आत्या झाले. आता बारशाला आत्याचा मान केवढा, तुम्हाला माहीत आहेच. बाळाच्या कानात कुर्रर्र करायचं, नाव सांगायचं, आणि मग सगळ्यांनी मिळून आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे. त्या धपाट्यांसाठी मी किती वर्षं पाठ राखून ठेवली होती. पण नेमकं आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ती डोंबिवलीहून आमच्याकडे वर्तकनगरला राहायला आली, आणि माझं जाणं राहिलं.

मंदार म्हणाला, "ताई, तू स्क्रीनवरून नाव ठेव. तुझ्या फोनवर तुझं नुसतं नाक दिसतं, म्हणून मित्राबरोबर टॅब पाठवतोय. आम्ही आमचा टॅब बाळाच्या कानाला लावू."

इथवर ठीक होतं. पण पुढे तो म्हणाला, "आणि नाहीच जमलं तर वंदना आहे."

वंदना माझी चुलत बहीण. कल्याणला असते. तीही आत्याच, आणि पाळणा अगदी सुरात म्हणते. स्वभावाने चांगली आहे हो. पण माझ्या सख्ख्या भावाच्या मुलीचं नाव तिने ठेवायचं आणि मी घुगऱ्या खात बघत बसायचं, हे मला सोसणारं नव्हतं. खोटं कशाला बोलू?

नाव काय ठरलंय ते दोघांनी फक्त मला कळवलं होतं. नवऱ्यालाही सांगायचं नाही, आईलाही नाही. मी ते भांडी घासताना मनात म्हणत होते, देवासमोर म्हणत होते. एकदा भाजीवाल्याने "काय देऊ ताई?" विचारलं तर ओठांवर आलंच होतं, कसंबसं गिळलं आणि नको असलेले दोडके घेऊन आले.

टॅब आला तो नुसता काचेचा तुकडा. नागडा. मंदारने बरोबर कव्हर पाठवलं नव्हतं. म्हटलं, ही पुरुषांची जात. त्याच दुपारी मशीन काढलं. खणाचा तुकडा होता, आतून गोधडीसारखा कापूस घातला, चारी कोपऱ्यांना टॅब अडकवायला पट्ट्या केल्या, वर झाकण केलं. झाकण मागे दुमडलं की टॅब टेबलावर उभा राहायचा. आणि झाकण मिटायला माझ्या जुन्या पर्सची दोन बटणं उसवून लावली. ती असतात ना, जवळ नेली की आपोआप टच्चकन बसणारी, तीच. शेजारणी बघायला आल्या. मी झाकण लावून दाखवलं, टच्च. उघडून दाखवलं. पुन्हा टच्च.

दुसऱ्या दिवशी टॅब बंद पडायला लागला.

म्हणजे हातात धरला की चालायचा. टेबलावर नीट उभा केला की स्क्रीन काळी. बटण दाबलं की क्षणभर उजेड, पुन्हा काळोख. हे म्हणाले, "बाहेरच्या देशातला आहे, इथलं हवामान मानवत नसेल."

"अहो, काहीतरी काय," मी म्हटलं. "मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलंय. आपण शास्त्रीय पद्धतीने शोधू. एकेक कारण घ्यायचं आणि बाद करत जायचं."

आणि मी खरंच शोधलं. हॉलमध्ये उभा केला, बंद. स्वयंपाकघरात उभा केला, बंद. गॅलरीत बंद, आईच्या खोलीत बंद. जिथे नेला तिथे अर्थात कव्हर घालूनच नेला, कारण चुकून हातातून पडला तर? चार्जर बदलून पाहिला. वायफायचा डबा कपाटावरून खाली आणला. वरच्या मजल्यावरच्यांना जाऊन विचारलं की तुम्ही काही नवीन मशीन वगैरे घेतलंय का. ते अजून माझ्याशी जपून बोलतात.

शेवटी नौपाड्यातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेले. तिथल्या माणसाने टॅब कव्हरातून काढला, टेबलावर ठेवला, अर्धा तास नुसता व्हिडिओ लावून दिला. एकदाही बंद पडला नाही.

"मॅडम, एकदम ओके आहे पीस," तो म्हणाला. "टेन्शन नका घेऊ."

मी टॅब कव्हरात घातला, टच्च केलं आणि घरी आले. टेबलावर उभा केला. काळा.

चार दिवसांनी पुन्हा दुकानात. पुन्हा त्याने कव्हर बाजूला काढून ठेवलं, वर म्हणाला, "कव्हर मस्त आहे हां मॅडम." पुन्हा सगळं ओके. घरी पुन्हा काळोख. आता तुम्हीच सांगा, शास्त्रीय पद्धतीने निष्कर्ष काय निघतो? टॅबमध्ये दोष नाही. दोष घरात आहे.

माझा हा निष्कर्ष आईने पलंगावरून ऐकला. "मी पहिल्या दिवसापासून सांगतेय नीलू, दृष्ट लागलीय त्याला. सगळ्या बिल्डिंगीला दाखवलास. मीठमोहऱ्या ओवाळ."

"आई, मी विज्ञानाची बाई आहे."

"मग विज्ञानाने चालू कर आणि दाखव."

बारसं चार दिवसांवर आलेलं. वंदनाचा सकाळीच मेसेज आलेला की गळा बसू नये म्हणून ती गुळण्या करतेय. मग मी काय केलं? दारं लावली, खिडक्या लावल्या आणि मीठमोहऱ्या-मिरच्या मुठीत घेतल्या. मीठ खणावर सांडून डाग पडायला नको म्हणून आधी कव्हर काढलं. टॅब पाटावर, भिंतीला टेकून उभा. आईने पलंगावरून सांगितलं तसं मी पुटपुटले, "आल्यागेल्याची, शेजारणींची, दुकानदाराची, वंदनाची…"

"वंदनाचं नाव मी नाही घेतलं," आई म्हणाली.

"मी घेतलं."

मिरच्या तव्यावर टाकल्या आणि टॅब लावला. चालू. उभाच्या उभा, लख्ख चालू. मी समोर बसून डोळे पुसत बघत राहिले, अर्धे मिरचीने आणि अर्धे श्रद्धेने. जन्मभर मुलांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावलेली मी, दुसऱ्या दिवशी टॅब कव्हरात काळा पडल्याबरोबर स्वतःहून तवा तापवला. पुन्हा कव्हर काढलं, पुन्हा ओवाळलं, पुन्हा चालू. प्रयोग पुन्हा पुन्हा केला तरी उत्तर तेच येतं, आणखी काय पुरावा हवा? सुधीर खोकत खोकत म्हणाले, "टॅब वाचेल, माझी खात्री नाही."

बारशाच्या दिवशी सकाळीच दृष्ट काढली. दुपारी पैठणी नेसले, पदराला पिन लावली, नथ घातली. टॅबला कव्हर घातलं. हे म्हणाले, "अगं, कव्हर त्यांना कुठे दिसणार आहे?" मी म्हटलं, पण आपल्याला माहीत असतं ना.

कॉल लागला. टॅब मी हातात धरला होता, झाकण खाली लोंबत होतं, चित्र अगदी स्वच्छ. डब्लिनच्या त्या हॉलमध्ये ही गर्दी. झेंडूच्या माळा लावलेला पाळणा, केतकी हिरव्या साडीत, कोपऱ्यातल्या चौकोनात कल्याणहून वंदना. मंदार म्हणाला, "ताई, इथे फार गलका आहे. आम्ही आमच्या बाजूचा आवाज बंद करतो, फोनही सायलेंटवर टाकतो, वंदनाही तसंच करेल, आणि तुझा आवाज मोठ्या टीव्हीवर लावतो. मी हात केला की तू सुरू कर."

दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून मी झाकण मागे दुमडलं आणि टॅब पाटावर उभा केला.

काळोख.

बटण दाबलं, पुन्हा काळोख. सुधीरनी मंदारला फोन लावला. तो कशाला उचलतोय? केतकीला लावला, वंदनाला लावला, कुणीच उचलेना. म्हणजे सगळे वंदनाच्या कुर्रर्रमध्ये गुंतलेले, हे मला सूर्यप्रकाशाइतकं स्पष्ट दिसलं. आणि माझा तोल गेला.

"ठेवा," मी म्हटलं, "ठेवू दे वंदनाला नाव. भावाने टॅब पाठवलाय तोही असा रडका, सेलमधला उचलला असणार, लहानपणापासून कंजूष आहे. आणि ती केतकी, एवढं गुपित गुपित म्हणून सांगितलं मला. शाल्मली म्हणे. इंदिरा ठेवलं असतं, आपल्या आजीचं, तर काय बिघडलं असतं? पण नाही, शाल्मली. तरी म्हटलं, तिची मुलगी, तिची हौस. मी पाठ केलं, भाजी घेताना पाठ केलं, दोडके आणले त्यापायी. शाल्मली, शाल्मली, शाल्मली. आणि आता म्हणणार वंदना, गुळण्या करून."

आई म्हणाली, "अगं, हळू."

पण मला आता हळू बोलता येईना. रडूच फुटलं. "आई, मी तिला मांडीवर घेतलेलं नाही गं. तिच्या डोक्याला कसला वास येतो तेही मला माहीत नाही. एक नाव तेवढं माझ्या तोंडून तिच्या कानात जायचं होतं. तेवढंच मागत होते मी."

मी नथ काढून ठेवली, पदराची पिन काढली आणि रागाने टॅबच्या पाठीमागे भिरकावली.

टच्च.

पिन खाली पडलीच नाही. कव्हराला मागून चिकटून बसली. मी टॅब उचलून उलटा केला, तरी ती लोंबतेय. हलवला, तरी लोंबतेय. वर्षानुवर्षं, दर जूनमध्ये, मी वर्गात हेच करून दाखवत आलेय. हातात टाचणी घ्यायची, ती अशीच लोंबकळवायची, आणि मुलांना विचारायचं, सांगा बरं, हिला कुणी धरलंय?

"चुंबक आहे त्यात," आई पलंगावरून म्हणाली. "तूच शिकवायचीस ना?"

पर्सची बटणं. झाकण मिटलं की टॅबने झोपायचं, हे त्या टॅबला बनवणाऱ्यांनीच शिकवलेलं, आणि तेही चुंबकाच्याच खुणेने. मी झाकण मागे दुमडलं की बटणं त्याच्या पाठीला लागत होती, आणि तो बिचारा आज्ञाधारकपणे झोपत होता. मी त्याला अंगाईसकट गोधडी शिवून दिली होती आणि वर विचारत होते, हा जागा का राहत नाही.

कव्हर ओढून काढलं. स्क्रीन उजळली.

कॉल तुटलेलाच नव्हता. फक्त माझी स्क्रीन झोपली होती, माझा आवाज मोठ्या टीव्हीवर चालूच होता. सगळा हॉल समोर उभा, एकूणएक जण तोंडावर हात धरून. कुणाचे खांदे हलत होते, कुणी डोळे पुसत होतं. वंदना तिच्या चौकोनात पदरात तोंड खुपसून बसलेली. मंदारने आवाज सुरू केला आणि असा काही हशा उसळला की टॅब पाटावर थरथरला.

"ताई," मंदार म्हणाला, "सेलमधला नाहीये. पण कंजूष मान्य."

केतकी पुढे आली. तिने बाळाला उचललं आणि त्यांच्या टॅबजवळ आणलं, इतकं जवळ की माझी अख्खी स्क्रीन एका इवल्याशा कानाने भरून गेली. "ताई, नाव सगळ्यांनी ऐकलं," ती म्हणाली, "फक्त हिने नाही. ही झोपली होती. तुम्ही सांगा."

मी वाकले. कुर्रर्र केलं. शाल्मली म्हटलं. आवाज अगदी फुटका आला, पण आला. वंदनाने पाळणा धरला, तिकडे सगळ्यांनी उचलला, आणि इकडे सुधीरनी आणि आईने माझ्या पाठीत धपाटे घातले. सुधीरनी हळू घातले. आईने मात्र एवढ्या दिवसांच्या मिरच्यांच्या धुराचा हिशेब चुकता केला.

आता टॅब उघडाच असतो. आमच्या घरातली ती एकमेव उघडी वस्तू. रोज संध्याकाळी पाटावर उभा राहतो आणि शाल्मली त्यात बघून माझ्या नाकाला हात लावायला जाते.

आणि आई? बारशाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ती काठी टेकत स्वयंपाकघरात आली, मूठभर मीठमोहऱ्या घेतल्या आणि तवा तापत ठेवला. मी म्हटलं, "अगं आई, टॅब आता चालतोय. कशाला?"

"टॅबची कोण काढतंय?" आई म्हणाली. "तू बस पाटावर. जन्मभर विज्ञान शिकवलंस नीलू, कुणाची तरी जबर नजर लागल्याशिवाय असं व्हायचं नाही."