चमकीचं नेलपॉलिश

साठ सालानंतरची गोष्ट. मी तेव्हा अकोल्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. घर धामणगावला. वडील तिथल्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलत. आमच्या वस्तीतून सरकारी नोकरीला लागलेली मी पहिलीच मुलगी, म्हणून निघताना अर्धी वस्ती स्टेशनवर पोचवायला आली होती. अकोल्याला उतरले तेव्हा फलाटावर माझी वाट पाहणारं कोणी नव्हतं. ट्रंक मीच उचलली आणि टांग्यात ठेवली.

खोली मिळाली ती एका म्हाताऱ्या बाईच्या घरामागे. खोलीला वेगळं दार होतं, आणि घरमालकीण भाडं घेण्यापुरतीच माझ्याशी बोलायची. ड्यूटीवरून आलं की स्टोव्ह पेटवायचा, भात टाकायचा, एकटीनं जेवायचं आणि दुसऱ्या दिवसाचं पातळ घडी करून उशाखाली ठेवायचं. कधीकधी संध्याकाळभर तोंडातून एक शब्द बाहेर पडत नसे. दिवसभर मात्र बोलणं हेच काम. बोर्डासमोर बसायचं, कानाला हेडफोन, आणि ज्याला जे गाव हवं त्याची दोरी त्या गावाच्या भोकात खोचून द्यायची. माणसं आमच्यातून पलीकडे जायची. आमच्याशी कोणी बोलायचं नाही.

आम्हा ऑपरेटरांना लाइनवर नावं नसत. गावाच्या नावानं हाक मारायची पद्धत. मी ‘अकोला’. अमरावतीच्या बोर्डावर दुपारच्या पाळीला एक बाई असायची, ती ‘अमरावती’. तिचा आवाज कॉलेजातल्या मुलीसारखा होता, मोकळा आणि किंचित हसरा. पार्टी, म्हणजे फोन मागवणारा माणूस, लाइनवर येईपर्यंत मधला जो अर्धा-एक मिनिट मिळे तेवढ्यात आम्ही बोलून घ्यायचो.

“काय वं अकोला, आज आवाज काहून बसला?”

“थंड पाणी प्यालो.”

“मंग गरम पाण्यात मीठ टाकून गुळण्या कर. आली तुयी पार्टी, घे.”

एवढंच. पण दिवसभरात माझी चौकशी करणारी तीच एक.

दसरा जवळ आला तशी एका दुपारी ती म्हणाली, “अकोला, मी एक चीज आणली. नेलपॉलिश. पण साधं नाही वं, चमकीचं. मोत्यासारखा रंग आणि आत चांदीचा चुरा टाकल्यासारखं. उन्हात बोट धरलं तर डोळे दिपतात.”

मी तोवर कधी नखं रंगवली नव्हती. आईची नखं कापूस वेचून वेचून फाटलेली असत, आणि शाळेत असताना नखं म्हणजे मास्तरांना दाखवायची, कापलेली आहेत की नाहीत एवढ्यापुरती. पण तिनं सांगितलं आणि ते पॉलिश माझ्या डोक्यात बसलं. बाजारात कापडाच्या दुकानांवर तोरणं लागत होती. एक्स्चेंजमधल्या मुली साड्यांचे रंग ठरवत होत्या. आमच्या घरी छपन्न सालापासून दसऱ्याला पांढरं नेसून विहारात जायचं, आणि दिवाळी तर बंदच झालेली. मला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. धामणगावला सगळी वस्तीच तशी होती. अकोल्यात मात्र त्या सगळ्या लखलखाटातून मी एकटी चालत जायची, आणि आपलंही काहीतरी चमकावं असं वाटायचं.

सुटीच्या दिवशी मी शोधायला निघाले. टिळक रोडवरच्या बांगडीवाल्यानं टिकल्या, रिबिनी, चमकीची जाळी, सगळं काढून दाखवलं. नेलपॉलिश म्हटल्यावर लाल रंगाची एक वाळून गेलेली बाटली समोर ठेवली. दुसरीकडे गुलाबी होतं. एका सिंधी दुकानदारानं चष्मा वर करून मला पाहिलं आणि विचारलं, “शादी है क्या?” मी नाही म्हणाले. “फिर चमकवाला किस लिए, बेटी?” तो काही वाईट माणूस नव्हता, सहज विचारत होता. मी रिकाम्या हातानं खोलीवर आले.

दसऱ्याला मला रजा मिळाली नाही. दसरा झाल्यावर मी लाइनवर अमरावतीला सगळं सांगितलं.

“मंग इकडेच ये ना,” ती म्हणाली. “इतवारा बाजारात दुकान आहे. मी नेतो तुले.”

“पण मी तुमाले वळखीन कशी?”

ती हसली. “अमरावती स्टेशनावर ये. बायांमधी मी एकटीच बूट घालून असतो.”

बूट घालणारी बाई. मी मनात तिचं चित्र काढलं. दोन वेण्या, घड्याळ, हातात पर्स. पुढच्या सुटीला सकाळच्या पॅसेंजरनं बडनेऱ्याला गेले आणि तिथून शटलनं अमरावतीला.

फलाटावर तशी मुलगी कुठेच नव्हती. फाटकाजवळ एक चाळिशी उलटलेली बाई उभी होती. फिक्कट पातळ, कपाळ मोकळं, हातात बांगडी नाही, कानांजवळचे केस पांढरे झालेले. पायात तपकिरी कॅनव्हासचे बूट आणि मोजे. मी बूट पाहिले, तिच्याकडे पाहिलं, आणि तरीही इकडेतिकडे बघत राहिले.

“अकोला?” ती म्हणाली, आणि तो मोकळा आवाज त्या चेहऱ्यातून आला.

माझी नजर पुन्हा तिच्या बुटांवर गेली. तिच्या ते लक्षात आलं असावं, कारण ती घाईघाईनं म्हणाली, “चाल, दुकान दुपारी बंद करतो तो.”

इतवाऱ्यात पोचलो तर पॉलिश संपलं होतं. दुकानदार म्हणाला, मुंबईचा माल, आता दिवाळीनंतरच. तिनं दोन-तीनदा विचारलं, मागच्या खोक्यात पाहायला लावलं. त्यानं नसल्याचं सांगितलं तेव्हा माझ्यापेक्षा तिचंच तोंड उतरलं. आणखी चार दुकानं हिंडलो. मग एका हॉटेलात चहा घेतला. बोर्डावर अर्ध्या मिनिटात किती बोलायचो, आणि समोरासमोर आलो तर दोघीही दाराबाहेरचा रस्ता पाहत बसलो. ती बशीत चहा ओतून हळूहळू पीत होती.

“घरी नेलं असतं तुले,” ती म्हणाली, “पण घर दिराचं आहे.”

मी म्हणाले, “राहू द्या. माझी गाडी आहे.”

पण ती शटलमध्ये माझ्यासोबत चढली. बडनेऱ्याला अकोल्याच्या गाडीला वेळ होता. बायकांच्या वेटिंग रूममध्ये त्या दुपारी कोणीच नव्हतं. खिडकीतून उन्हाचा पट्टा बाकावर पडला होता. ती बाकावर बसली, पिशवीतून रुमालात गुंडाळलेली एक बुटकी बाटली काढली आणि म्हणाली, “हात दे.”

ते तिचं स्वतःचं पॉलिश होतं. तिनं बाटली तळहातावर उलटसुलट केली तेव्हा आतला चुरा हलला. तिनं सांगितलं होतं तसंच होतं, उलट थोडं जास्तच. तिनं माझा डावा हात आपल्या गुडघ्यावर ठेवला आणि करंगळीपासून सुरुवात केली. तिचा हात फार सावध होता. नखाच्या बाहेर एक थेंब गेला नाही.

“तुमी नाही लावत?” मी तिच्या कोऱ्या नखांकडे पाहून विचारलं.

“लावतो ना. पायाले.” तिनं बुटाचं टोक किंचित हलवलं. “लग्नाले दोन वर्षं झाली नव्हती तं मालक गेले. दिराच्या घरी राहतो. हाताची नखं साऱ्यायले दिसतात. पाय कोण पाहते? टाचा फुटतात म्हणून डॉक्टरनं बूट सांगितले, असं घरी सांगून ठेवलं.”

“पण मंग तुमालेही दिसत नसन.”

“मले माहीत असते ना,” ती म्हणाली. “बोर्डावर बसल्या बसल्या बोटं हलवतो आतल्या आत.”

ती अंगठ्यापर्यंत आली. मग दुसरा हात मागितला. ब्रश बाटलीत बुडवत सहज म्हणाली, “दिवाळीले घरी जाशीन ना तू?”

लाइनवर हे कधी निघालं नव्हतं. “आमच्याकडे दिवाळी नसते,” मी म्हणाले. “आमी बौद्ध आहोत.”

ब्रश तसाच हवेत राहिला. माझा हात तिच्या हातात होता. अशा वेळी समोरच्याचा हात कसा सुटतो ते मला लहानपणापासून माहीत होतं, म्हणून मी आधीच बोटं सैल केली होती. तिनं वर पाहिलं नाही. ब्रशवरचं जादाचं पॉलिश बाटलीच्या तोंडाला निपटून काढलं.

“माझीबी नसते,” ती म्हणाली, आणि पुढचं नख रंगवायला घेतलं.

दहाही नखं झाल्यावर ती फुंकर घालत बसली. गाडीची घंटा झाली तेव्हा तिनं बाटली माझ्या पिशवीत टाकायचा प्रयत्न केला. मी ती परत तिच्या रुमालात ठेवली. ओलं पॉलिश पुसू नये म्हणून तीच माझी पिशवी घेऊन डब्यापर्यंत आली, आणि मी दोन्ही हात पुढे धरून चढले.

अकोल्यात माझी नखं पाहून घरमालकीण म्हणाली, “कोणी पाह्यले येऊन राहिलं का?” मी नाही म्हटलं. एक्स्चेंजमधल्या मुलींनी हात धरधरून पाहिले, कुठून आणलं विचारलं. मग लगेच सुट्ट्यांचं बोलणं निघालं, आणि त्यातल्या एकीनं मला म्हटलं, “तुला काय, तुझी दिवाळी नसते. माझी ड्यूटी करशील?” मी हो म्हणाले. दुसरीलाही हो म्हणाले. दिवाळीचे सगळे दिवस मी बोर्डावर होते.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी कापसाच्या व्यापाऱ्यांचे अर्जंट कॉल थांबले आणि घराघरांतले कॉल सुरू झाले. मुलगा आईला, सासरी गेलेली मुलगी वडिलांना. कोणी नुसतंच “ऐकू येतं का?” म्हणून ओरडत होतं. मी दोऱ्या खोचत होते, काढत होते, आणि प्रत्येक वेळी नखांवरून दिव्याचा उजेड सरकत होता. समोर कोणी नव्हतं. सुपरवायझर बाई पलीकडे डुलक्या घेत होत्या.

अमरावतीही ड्यूटीवर होती.

“जेवली का?” तिनं विचारलं.

“डबा आणला. तुमी?”

“जेवतो मंग.”

बडनेऱ्यानंतर आमचं बोलणं कमी झालं होतं. आवाजापुढे आता चेहरा आला होता, आणि मी तिला ‘अमरावती’ म्हणताना अडखळायची. ‘ताई’ म्हणायला लागले तेव्हा तीही जरा अडखळली. पण त्या दुपारी कॉल नसताना आम्ही लाइन तशीच चालू ठेवली. तिच्याकडच्या रस्त्यावर फटाके वाजत होते ते माझ्या कानात ऐकू येत होतं, आणि मध्येमध्ये तिचा श्वास.

पॉलिश आठ-दहा दिवसांत टोकांवरून उडू लागलं. मी ते खरवडलं नाही. आपलं आपण गेलं.

थंडीत एक दिवस अमरावतीहून वेगळा आवाज आला. मला वाटलं, रजेवर असेल. आठवडा गेला, दुसरा गेला. शेवटी विचारलं तर नवी मुलगी म्हणाली, “त्या बाईंनी नोकरी सोडली. सासूला बघायला गावी गेल्या, हिवरखेडला.” हिवरखेड म्हणजे तेल्हाऱ्याकडे, अमरावतीपेक्षा मला जवळच. पण तिथे टेलिफोन नव्हता.

चैत्र लागल्यावर मी एका सुटीला बसनं गेले. घर विचारत विचारत सापडलं. ओट्यावर तिची गावाकडची जाऊ धान्य निवडत होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “कोणाच्या घरच्या वं तुमी?” हा प्रश्न मला पाठ होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात ताई आतून आली.

“आमच्या खात्यातल्या आहेत,” ती म्हणाली. “अकोल्याच्या.”

ती फार वाळली होती. तिनं चहा केला, आम्ही ओट्यावर बसून प्यालो. जावेसमोर आम्ही उन्हाचं बोललो, गहू कसा झाला ते बोललो. आतून म्हातारी मोठ्यानं हाक मारायची, ती उठून जायची, परत यायची. पोचवायला म्हणून ती थांब्यापर्यंत आली तेव्हा कुठे आम्ही दोघी राहिलो.

“बोर्डावर कोण बसते आता?” तिनं विचारलं.

“नवीन पोरगी आहे.”

“बोलते का तुयासंग?”

“कामापुरती.”

“इथं म्हातारीले ऐकू येत नाही,” ती म्हणाली. “बाकीचे वावरात जातात. दिवसभर मी खुणांनीच बोलतो. परवा गाईले हाक मारली तं माझाच आवाज मले नवा वाटला.”

“मी येत जाईन,” मी म्हणाले.

“नको,” ती म्हणाली. “जाऊ विचारन, आन् मी किती डाव खात्यातलीच म्हणून सांगू?” तिनं ते रागानं म्हटलं नाही. माझ्या खांद्यावरचा पदर सारखा केला.

बस आली. मी खिडकीजवळ बसले. गाडी सुरू झाल्यावर ती खालून काहीतरी बोलली. इंजिनाच्या आवाजात मला ते कळलं नाही. मी कळल्यासारखी मान हलवली, आणि ती वळून घराकडे चालू लागली.