चेसिस नंबरावरचा निळा रंग

गाडीला पंधरा वर्षं होत आली की तिला पुन्हा पासिंगला न्यावं लागतं, हे मला समुद्राकाठच्या या थळ गावात आल्यावर कळलं. मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस. सरकारी कागद हातात आला की मी तो आधी दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतो. त्यात ही गाडी माझी नव्हती, काकांची होती.

काका म्हणजे ज्यांच्या पडवीतल्या खोलीत मी राहतो ते. मासेमारीच्या स्वतःच्या होडीचे नाखवा, म्हणजे होडी घेऊन जाणारे मालक. मी मराठवाड्यातून इकडं आलो तेव्हा मला ओळखणारं कुणी नव्हतं. काकींनी पहिल्या दिवशी भात-कालवण वाढलं आणि काही दिवसांनी काकांनी मोटरसायकलची चावी हातात ठेवली. "घे, नुसती गंजत उभी हाय," एवढंच म्हणाले. त्या गाडीमुळं मला बेकरीची लाइन मिळाली. सकाळी पावाचे क्रेट मागं बांधायचे आणि किनाऱ्याच्या गावांतून दुकानं करत फिरायचं. गावाकडं आई आणि बहिणी त्याच लाइनवर जेवतात. त्यामुळं बेकरीचे शेठ जेव्हा म्हणाले, "मुदत संपायच्या आत पासिंग करून आण. कागद संपलेल्या गाडीवर मी माल देणार नाय, आणि पाव काय तुझ्यासाठी थांबणार नाय," तेव्हापासून मला धड झोप लागेना.

गाडी मिस्त्रीकडं नेली. ब्रेकशू पार गुळगुळीत झाले होते. मागचा दिवा खड्ड्यात पेटायचा आणि सपाट रस्त्यावर विझायचा. सायलेन्सर खालून सडलेला, त्याला कुणीतरी तेलाच्या डब्याचा पत्रा गुंडाळून तार आवळलेली. पुढच्या शॉकअपमधून तेल गळत होतं.

"समुद्रात चालवतो काय रे भाई?" मिस्त्री म्हणाला.

"पाव वाटतो."

"मग पावावर मीठ लावायची गरज नसेल." तो खाली वाकून बघत राहिला. "इकडच्या सगळ्या जुन्या गाड्यांचं हेच. खारी हवा खालून खाते. वरून बघणाऱ्याला काय कळत नाय."

त्यानं एकेक करून सगळं केलं. शेवटी हँडलखाली बोट ठेवलं. तिथं सांगाड्यावर चेसिस नंबर ठोकलेला असतो. आमच्या गाडीवर तिथं नुसता रंग होता. थळात होडी रंगवून रंग उरला की कुणी टाकत नाही. खिडकीचे गज, पाण्याची मोटर, अंगणातलं फाटक, सगळ्या लोखंडाला तो लागतो. आमच्या घरात दरसाल गाडीलाही लागायचा. मिस्त्रीनं थिनरचा बोळा फिरवत एकेक थर उतरवला. नंबर दिसला, पण शेवटचे आकडे अगदी पुसट, गंजानं धरलेले.

"आता ह्याला हात लावायचा नाय," तो म्हणाला. "घासायचं तर अजिबात नाय. उद्या आरटीओचे साहेब ह्यावर कागद ठेवून पेन्सिल फिरवतील. छापा उठला की तू सुटलास."

मी त्याचे पाय धरायचेच बाकी ठेवले.

घरी आलो, गाडी पडवीत लावली. नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती, काकींनी मला नारळ आणायला पाठवलं. परत येऊन बघतो तर गाडी नव्यानं निळी. होडीसारखी निळी, टाकीवर लाल पट्टा.

"बघ रं," काका म्हणाले. हात कोपरापर्यंत निळे. "उद्या सायबापुढं जायची. अशी भिकाऱ्यासारखी कशी धाडायची?"

काकी दारातून हसल्या. "सोताच्या लग्नात सोता नव्हते नटले एवढी गाडी नटवली."

मी हँडलखाली पाहिलं. जाड, ओला, चकचकीत रंग.

"कसा झालाय?"

"लई छान, काका."

दुसरं काय म्हणणार? कंबर धरून, वाकून वाकून रंगवलं होतं माणसानं. ते हात धुवायला मागं गेले तेव्हा मी फडकं रॉकेलमध्ये बुडवून तेवढी जागा हळूच पुसली. काका परत आले, मान तिरकी करून बघितलं. "अरे, हिथं राहिलाच काय? डोळं गेलं माझं," म्हणत त्यांनी ब्रशचे दोन हात पुन्हा मारले.

"काका, तिथं नंबर असतो." मी हळूच म्हणालो.

"मंग तर जास्त जपाया पायजे," ते म्हणाले, आणि आणखी एक हात मारला.

दुसऱ्या दिवशी पासिंगच्या मैदानात रांगेत उभा राहिलो. साहेबांनी ब्रेक दाबले, दिवे बघितले, हॉर्न वाजवला, सायलेन्सरपाशी वाकून बघितलं. सगळं ठीक. मग कागद उघडला.

"आरसीवर रंग काळा आहे."

"होडीचा उरला होता, साहेब."

रांगेतले सगळे हसले. साहेबही हसले. "रंगाचा वेगळा अर्ज देता येईल. नंबर दाखवा."

मिस्त्रीकडून थिनरची बाटली आणली होती. बोळा लावला. रंग अजून कच्चा होता, सालीसारखा उचलला गेला, आणि त्याच्याबरोबर खालचा गंजाचा पापुद्राही सुटला. शेवटचे आकडे गेले. साहेबांनी कागद ठेवून पेन्सिल फिरवली, पुन्हा दुसरा कागद घेऊन फिरवली. छाप्याच्या शेवटी नुसता काळा डाग.

"बाकी गाडी चांगली ठेवलीय तुम्ही," ते म्हणाले, "पण ओळख पटल्याशिवाय पास नाही करता येणार. नंबर पुन्हा ठोकून घ्यायची परवानगी काढावी लागेल. मालकांना स्वतः घेऊन या. वेळ लागतो त्याला."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी "हौ, हौ" करत राहिलो.

घरी काका ओट्यावरच बसले होते. "झाली पास?"

"नंबर गंजलाय, काका. छापा उठला नाय."

त्यांनी हँडलखाली बोट फिरवलं, बोटाला लागलेला निळा रंग पाहिला.

"मीच बुजवला काय रं?"

"नाय काका. खाऱ्या हवेनं गेला."

"मालक लागंल म्हणालं आसतील सायेब."

मी मान हलवली. पौर्णिमा झाली की होड्या सुटणार होत्या. पावसाळाभर बंद राहिल्यावरची पहिली फेरी, आणि नाखवा होडीवर नाही असं या घरात कधी झालं नव्हतं.

"होडी जाईल खलाशी पोरांसंगती," काका म्हणाले. "मी येतो तुझ्याबरोबर."

काकी चुलीकडं वळून लाकडं आत सारू लागल्या. 'या' म्हणायला माझी जीभ उचलेना आणि 'नका येऊ' म्हणायला धीर होईना. त्या घराचं मी आधीच इतकं खाल्लं होतं.

परवानगी हातात यायच्या आधीच मुदत संपली. दुसऱ्या सकाळी बेकरीत गेलो तेव्हा माझे क्रेट दुसऱ्याच एका गाडीवर चढत होते. शेठनी माझ्याकडं पाहून हात हलवला, म्हणजे आता काय करणार, अशा अर्थानं. नव्या माणसाला क्रेट बांधायची सवय नव्हती, वरचा सारखा घसरत होता. मी पुढं होऊन दोरी आवळून दिली आणि कुठल्या दुकानात आधी जायचं ते सांगितलं.