मोठ्या माणसाकडं पाठ

आईच्या पायाची शीर बंद पडली होती, साखरेनं. धाराशिवच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, शीर मोकळी केली तर पाय वाचंल, पण ऑपरेशन लवकर पाहिजे. आधी पैसे भरा, तेबी रोख. पैसे होते माझ्यापाशी. तेरमध्ये ब्लाऊज शिवून, मान मोडून साठवलेले, सगळे खात्यात. मशीनमधनं एका दिवसात सगळे निघत न्हाईत, म्हणून जमतील तेवढे आज, राहिलेले उद्या, असं ठरवून मी स्टँडजवळच्या एटीएमला गेले.

उभी राहते न राहते तोच मागं एक म्हातारा आला. धोतर, टोपी, कपाळाला गंध. चालू दे लेकी, मला घाई न्हाय, म्हणाला. आता आमच्यात मोठ्या माणसाकडं पाठ करून उभं राहायची रीत न्हाय. मी मुकाट बाजूला सरकले, तिरपी झाले आणि त्याच्या डोळ्यांदेखत एकेक आकडा दाबला. हातानं झाकावं असं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू? पण बापाच्या वयाच्या माणसापुढं हात आडवा धरायचा म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणायचं. धीर झाला न्हाय.

पैसे आले न्हाईत. म्हाताऱ्यानं कार्ड मागून घेतलं, धोतराच्या सोग्याला पुसलं, परत घालून बघितलं आणि माझ्या हातात दिलं. यात पैसेच न्हाईत, पलीकडच्या मशीनला जा, म्हणाला. वर मीच वाकून त्याच्या पाया पडले. पाया पडले हो त्या मुडद्याच्या!

पलीकडच्या मशीननं नंबर चुकीचा सांगितला. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. मग कार्डावरचं नाव वाचलं, तर कुण्या परक्याचं. पुसता पुसता म्हाताऱ्यानं कार्डच बदललं होतं. तेवढ्यात मेसेजवर मेसेज यायला लागले. आधी मशीनमधनं पैसे निघाले, मग सोनाराकडं कार्ड घासलं. बँकेला फोन लावला तर याच्यासाठी एक दाबा, त्याच्यासाठी दोन दाबा. कार्ड बंद होईस्तोवर खातं धुऊन निघालं होतं. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली, कॅमेऱ्यात बघतो म्हणाले. मी रस्त्यावर बसून ऊर बडवून घेतला. लोक बघत होते. बघू देत.

आईला सांगितलं. वाटलं, शिव्या देईल. तर ती म्हणाली, "मोठ्यांकडं पाठ करू नको, हे तुला मीच मारून मारून शिकवलं. माझंच शिकवणं माझ्या मुळावर उठलं गं."

मग मामा, मावशी, शिलाईला येणाऱ्या बाया, सगळ्यांपुढं पदर पसरला. पैसे जमले, पण तोवर पाय काळा पडत वर सरकला होता. डॉक्टरांनी शीर मोकळी करायचं नाव सोडलं. गुडघ्याखाली कापावा लागंल म्हणाले. कागदावर सही मीच केली.

आता मशीनपाशी कुणीबी असू दे, मी सरळ बाहेर थांबा म्हणते, पाठ करते, आकडे पदरानं झाकते आणि कार्ड कुणाच्या हातात देत न्हाय. बाया म्हणतात, लई शिष्ट झाली ही. व्हय, झाले.

दवाखान्यातनं निघताना आईनं सवयीनं चपला मागितल्या. मीबी सवयीनं दोन्ही आणून ठेवल्या. तिनं एक घातली, दुसरी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "चांगली हाय अजून, कुणाला तरी देऊन टाक."

एकच चप्पल कुणाला द्यायची?