नवव्या पानावरचा तुकडा

सोलापुरात अकरा वर्षं काढल्यावर मी चादर उलट्या बाजूनं छापली.

छापली म्हणजे कागदावर नाही, मोबाइलवर पाठवली. मोबाइलवर पाठवलेली गोष्ट पुसून टाकली की झालं, असा माझा समज होता. ती दुसरी चूक. पण माझ्या चुका सांगायला बसलो तर आमचे संपादक राहून जातील, आणि गोष्ट त्यांची आहे.

त्यांना सगळे अण्णा म्हणत. यंत्रमागवाल्यांच्या संघटनेचं एक मासिक होतं, त्याचे ते संपादक. साखर पेठेत सुताच्या दुकानावर माडी, माडीवर दोन टेबलं, आणि खालून सतत मागांची खडखड. अण्णा घरी तेलुगू बोलत, कचेरीत मराठी बोलत आणि कापडाशी काहीच बोलत नसत. नुसता अंगठा फिरवत. "बोटाला विचार," हे त्यांचं वाक्य. सुताचा भाव असो, नवा रंग असो, की समोर बसलेला माझ्यासारखा उमेदवार.

मी मोडनिंबचा. आमच्याकडे ज्वारी कळते, कापड नाही. मुलाखतीला गेलो तेव्हा त्यांनी दोन टॉवेल पुढे टाकले. "यातला चांगला कुठला?" मी रंग बघू लागलो. "डोळ्याला नको. बोटाला विचार." मी दोन्ही टॉवेल चोळले, डोळे मिटले, जाणकारासारखी मान हलवली आणि म्हणालो, "हा. काय मऊ आहे!"

"तो माझा घाम पुसायचा," अण्णा म्हणाले. "सात वर्षं धुतोय, मऊ होईल नाही तर काय. शुद्धलेखन येतं ना? मग या सोमवारपासून, मोडनिंबकर."

माझं आडनाव मोडनिंबकर नाही. पण त्या दिवसापासून साखर पेठेत दुसरं कुणाला ठाऊक नाही.

मासिकाचं नववं पान कोरं असे. म्हणजे त्यावर मजकूर नसे, कापडाचा खराखुरा तुकडा चिकटवलेला असे. कुणी नवी वीण काढली, नवा टॉवेल केला, की त्याचा तुकडा नवव्या पानावर. अंक आला की वाचक अग्रलेख सोडून थेट तिथं अंगठा ठेवत. जुने अंक तुम्ही कधी पाहिलेत तर नवव्या पानाचा कोपरा मळलेला दिसेल, बाकीची पानं कोरी करकरीत. अग्रलेख मी लिहीत असे.

तुकडे चिकटवायचा दिवस आमच्याकडे सणासारखा. अण्णा नागमोडी कात्रीनं तुकडे कापत, मी खळ लावत असे. प्रत्येक तुकडा चिकटवण्याआधी ते त्यावरून अंगठा फिरवत आणि सुलटी बाजू वर ठेवत. सोलापुरी चादरीच्या दोन्ही बाजूंना नक्षी दिसते, नुसती रंगांची अदलाबदल होते. माझ्यासारख्याला फरक कळत नाही. अण्णा तेव्हा खिडकीबाहेर बघत बोलत असायचे. तीस वर्षांत एक तुकडा उलटा गेला नाही.

मग संघटनेला नवे अध्यक्ष मिळाले. ते भले गृहस्थ होते. म्हणाले, "अण्णा, अंक पोस्टात फिरत बसतोय. पोरं सगळं मोबाइलवर बघतात. कागद बंद करू."

मला वाटलं, अण्णा भडकणार. ते एवढंच म्हणाले, "चालेल. नवव्या पानाचं काय?"

तेव्हा मी, आत्मविश्वासानं ओथंबलेला, म्हणालो, "फोटो टाकू की!"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "काचेला पोत असतो का हो, मोडनिंबकर?"

पण रुसून घरी बसणाऱ्यांतले ते नव्हते. दुसऱ्या दिवशी मोबाइल घेऊन आले. अडचण अशी झाली की लहानपणापासून मागावर काम करून त्यांच्या बोटांची कातडी राठ झाली होती. ते टिचकी मारत, मोबाइल ढिम्म. तीस वर्षं ज्या बोटानं अख्ख्या शहराचं कापड ओळखलं, त्या बोटाला मोबाइल ओळखेना. मग ते पान उलटल्यासारखं बोट जिभेला लावून काचेवर फिरवत, आणि मी दर तासाला ती काच पुसत असे. त्या घामाच्या टॉवेलनंच.

महिन्याभरात ते माझ्यापेक्षा बरं टाइप करायला लागले. "बाण कसला आला, चूक पुसून मागे जायचा? आमच्या मागाला नाही असला बाण. उसवावं लागतं," असं पुटपुटत.

मोबाइलवरच्या पहिल्याच अंकासाठी अंबूबाई आल्या. नवरा गेल्यावर चार माग त्या एकट्या चालवत होत्या. आजवर नवऱ्याच्या नक्षीवर चाललं होतं, ही चादर मात्र त्यांच्या स्वतःच्या डोक्यातली: लालभडक जमिनीवर पिवळे मोर. वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती.

अण्णांनी अंगठा फिरवला. वेळ लावला. मग म्हणाले, "नवव्या पानावर."

"दोन मागांवर ह्याच नक्षीच्या सुताचं बीम चढवून बसलेय, अण्णा," अंबूबाई म्हणाल्या. "दिवाळीची ऑर्डर आली तर बरं. न्हाई तर बीम कापून उतरवायचं, आन दुसऱ्याची नक्षी इनायची."

"येईल."

"लोकास्नी मोबाइलवर कळंल व्हय, कापड?"

"हे आहेत की," अण्णांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मी चादर गच्चीवर नेली. ऊन छान होतं. एक बाजू बघितली, दुसरी बघितली. मला दुसरी जास्त आवडली. पिवळ्या जमिनीवर लाल मोर, काय उठून दिसत होते! कडेला दोऱ्यांची टोकं लोंबत होती, तीही मला झालरीसारखी वाटली. फोटो काढला, अंक पाठवला, जेवायला गेलो.

शेंगाचटणी संपायच्या आत उत्तरं यायला लागली. हैदराबादच्या एका व्यापाऱ्यानं आवाज पाठवला, "क्या संपादकसाब, माल कच्चा है क्या? धागे लटक रै." दुसरा म्हणाला, वीण सैल दिसते. तिसऱ्यानं नुसता हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मी घाईघाईनं फोटो पुसला. त्यामुळे ज्यांनी पाहिला नव्हता तेही विचारू लागले, काय होतं ते.

दुसऱ्या सकाळी कचेरीत आलो तर अंबूबाई बाकावर बसलेल्या. अण्णांनी चादर टेबलावर पसरली होती. मी दारातच म्हणालो, "अण्णा, ते काल..."

"मोबाइल धरा," ते म्हणाले. "व्हिडिओ करायचाय. तोंड येऊ देऊ नका. संपादकाचं तोंड वाचकानं कशाला बघायचं?"

चौकटीत नुसता हात आला. मागाच्या धोट्यानं लहानपणी वाकडं केलेलं नख, चुन्याचा डाग, आणि तो अंगठा.

"नमस्कार. काल नवव्या पानावर चादरीची उलटी बाजू गेली. चूक संपादकाची आहे. माल पक्का आहे."

मोबाइल माझ्या हातात होता. एक शब्द बोलायचा अवकाश होता. मी बोललो नाही. ही तिसरी चूक, आणि ही काही हसण्यासारखी नाही.

अण्णांनी चादर सुलटी केली. दोन्ही मुठींत धरून ताणली आणि सोडली. थप्प. "आवाज ऐका. सैल विणीला हा आवाज येत नाही." कडेचा दोरा धरून ओढला, निघाला नाही. मग थांबले. "आता एक काम करा. घरातली कुठलीही चादर मांडीवर घ्या. घेतली? अंगठा फिरवा. ही त्याच्यापेक्षा थोडी जड, आणि धुतल्यावर तेवढीच मऊ. माझ्यावर नका विश्वास ठेवू. बोटाला विचारा."

अंबूबाई तोंडाला पदर लावून बघत होत्या. व्हिडिओ संपला तसं त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं.

संध्याकाळपर्यंत मांड्यांवरच्या चादरींचे फोटो येत होते. हैदराबादवाल्यानं लुंगीवर चादर घेऊन अंगठा वर केलेला फोटो पाठवला, आणि खाली ऑर्डर. अंबूबाईंचं बीम मागावरच राहिलं.

तेव्हापासून नववं पान म्हणजे अण्णांचा हात. ते टॉवेलवर पेल्यानं पाणी ओतत आणि तो किती चटकन पितो ते मोठ्यानं आकडे म्हणून दाखवत. कापड कानाजवळ चुरगाळल्यासारखं मोबाइलजवळ चुरगाळत. "आधी जाड चादर घ्या मांडीवर," म्हटलं की सोलापुरापासून हुबळीपर्यंत लोक कपाटं उघडत असणार. अध्यक्ष म्हणाले, ही युक्ती कुठं शिकलात? अण्णा म्हणाले, "युक्ती कसली? माझं बोट पोचत नाही, म्हणून त्यांचंच वापरतो."

पुढं त्यांचा हात थरथरू लागला. एका व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं, फार हलतंय. मी उत्तर टाकलं: मोबाइल धरणाऱ्याचा हात हलला, क्षमस्व. अण्णांनी ते वाचलं. ओल्या बोटानं वर-खाली करून दोनदा वाचलं. त्या दिवशी त्यांच्या डब्यातली भाकरी माझ्या झाकणात जरा जास्त आली.

गेल्या संक्रांतीनंतर अण्णा गेले. दोन महिने नववं पान कोरं ठेवलं. तिसऱ्या महिन्यात अंबूबाईंचा नवा टॉवेल आला. मी माडीवर एकटाच. मोबाइल पुस्तकांच्या चवडीवर टेकवला. टॉवेलची सुलटी बाजू तीनदा तपासली, खालच्या सुतवाल्याकडून चौथ्यांदा तपासून घेतली. "नमस्कार," म्हणालो, आणि अण्णा फिरवत तसा अंगठा फिरवू लागलो. टॉवेल काय सांगतोय ते बोटाला कळत नव्हतं, पण अण्णा मात्र कळत होते. खूप वेळ फिरवला.

पाठवला आणि बसून राहिलो. पहिला आवाज अंबूबाईंचाच आला.

"मोडनिंबकर, बाजू बरोबर हाय की ह्या खेपेला. आता तेवढा तुमचा हात काढा. टॉवेल दिसंना."