काल सकाळी गॅस पहिल्यांदा कशासाठी पेटला?

गेल्या मंगळवारी आमच्या नारायण पेठेतल्या घरी एक मुलगी आली. मूळची अमरावतीकडची, इथे एम.ए. करते. गॅसची सबसिडी आटत गेली तसं घराघरांत काय बदललं, हे ती लोकांशी बोलून समजून घेते आहे...

मला वाटलं, छापील प्रश्न असतील, हो-नाहीवर खुणा करून उठेल. म्हणून मीच सुरुवात केली, "आम्हाला काही फरक पडला नाही बरं का! पेन्शन आहे." मग रॉकेलच्या स्टोव्हचा वास आठवला, आणि वर्गात सगळ्यांनी एका सुरात म्हटलेली चुलीवरची एक कविताही; ती म्हणूनही दाखवली...

"अहो, ती गॅसचं विचारायला आलीये. कवितेला सबसिडी नव्हती," सौ. आतून म्हणाली.

मुलगी खुदकन हसली. "आजोबा, काल सकाळी गॅस पहिल्यांदा कशासाठी पेटला?"

आली का पंचाईत! मी तेव्हा पेपरात डोकं घालून बसलो होतो. "आजी, मी आत येऊन बसू?" असं विचारून ती सरळ ओट्याशी स्टूल घेऊन बसली. मी दारात उभा.

सौ. सांगत गेली. दूध, चहा, एकाच कुकरात वरण, भात, बटाटे... मग मुलीनं विचारलं, "पूर्वी गॅसवर व्हायचं आणि आता होत नाही, असं काही?"

सौ. ओटा पुसायला लागली. मी तोंड उघडणार तेवढ्यात मुलीनं हात किंचित वर केला. आमचे गुरुजी सांगत, ओळ संपली की थांबायचं, पुढच्या ओळीवर उडी मारायची नाही. अगदी तशी थांबली ती...

"मिठाची पुरचुंडी," सौ. हळूच म्हणाली. "तव्यावर तापवून गुडघा शेकायचे मी. फार वेळ गॅस जळतो गं. सबसिडी गेली, तसं ते सोडून दिलं."

आणि मी समजत होतो, गुडघा बरा झाला!

"कुणाला बोलला नाहीत, आजी?"

"विचारलं कुणी?... हे लिहिणार का तू?"

"तुम्ही हो म्हणालात तरच. नाव बदलून."

"लिही. पण नाव जरा छान दे. यांच्यासारखं जुनाट नको."

त्या संध्याकाळी तवा मी ठेवला. पहिलं फडकं करपलं. "सरका, मी करते," म्हणत सौ. उठायला लागली, तर गुडघ्यानं तिला पुन्हा खाली बसवलं. मी दुसरं फडकं घेतलं, आच बारीक केली. पुरचुंडी गुडघ्यावर टेकली, तशी तिनं डोळे मिटले...

कुणाच्या घरात जाऊन इतकं साधं विचारायचं, आणि उत्तर येईपर्यंत धीर धरायचा. पोरी, ही विद्या तुला ज्यांनी शिकवली, त्यांना या म्हाताऱ्याचा नमस्कार सांग.